ब्याण्णव अंश: घाबरायचं की नाही?

वाचनपाठ, पातळी ५ (कुमार गट आणि पालक)

वाचण्याआधी

आधी एक छोटा प्रसंग. आजीने फोनवर सांगितलं, "काल मला १०२ ताप होता." लोअर हटमध्ये वाढलेल्या मुलाला हे ऐकून धक्काच बसेल. इथल्या थर्मामीटरवर ३९ म्हणजे चांगलाच ताप, मग १०२ कसा? खरं म्हणजे आजी फॅरनहाइटमध्ये बोलत होती. तिचे १०२ म्हणजे आपले सुमारे ३८.९ अंश सेल्सिअस. ताप आहे, औषध घ्यायला हवं, पण आजी काही उकळत नव्हती!

आकडा खरा होता. पण तो कोणत्या मापातला, हे कळेपर्यंत त्याचा अर्थ लागला नाही. आजचा पाठ अशाच एका आकड्याबद्दल आहे. यात ताप कॉम्प्युटरला आला आहे.

कठीण शब्दांचे अर्थ पाठाच्या शेवटी आहेत. पहिल्यांदा न अडखळता सगळा पाठ वाचा. मग अर्थ पाहून पुन्हा एकदा वाचा.

१. दोन लॅपटॉप, एकच आकडा

मी आठवडाभर सॉफ्टवेअरचं काम करतो आणि शनिवारी तुमच्यासारख्या मुलांना मराठी शिकवतो. माझी शाळा सांगली जिल्ह्यातली, मराठी माध्यमाची. आई-बाबा अजून तिकडेच राहतात. दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल ठरलेला असतो. मे महिन्यात सांगलीत दुपारचा एक वाजतो, तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. तिकडे जेवणं आटोपलेली, इकडे आमची ताटं वाढलेली.

इथे येण्याआधी मी एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप घेतले होते. एक माझ्यासाठी, एक बाबांसाठी. बाबा निवृत्त शिक्षक आहेत. लॅपटॉपवर काय केलं, काय दिसलं, सगळं ते वहीत तारखेसकट लिहून ठेवतात. प्रोसेसरचं तापमान दाखवणारा एक प्रोग्रॅमही मी त्यांना घालून दिला होता.

एका मे महिन्यात कॉल चालू असताना बाबांचं चित्र अडकायला लागलं. आवाज तुटायला लागला. बाबा म्हणाले, "अरे, इथे ९२ दाखवतंय. चालेल का?"

मी हसून म्हणालो, "बाबा, कामाच्या वेळी माझा लॅपटॉपही ९२ ला जातो. काही होत नाही. तुम्ही बिनधास्त बोला."

पाच मिनिटांत त्यांचा लॅपटॉप बंद पडला.

पुढचे तीन रविवार बाबा साध्या फोनवर बोलले. "आज नेट नीट नाही," "आज जरा घाई आहे," अशी काहीतरी कारणं सांगायचे. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. ती विचारायची, "आजोबा दिसत का नाहीत?" चौथ्या रविवारी आईने खरं काय ते सांगितलं. "त्यांना वाटतंय, त्यांच्याच हातून काहीतरी बिघडलं. तुला पुन्हा खर्चात पाडायचं नाही, म्हणून बोलत नाहीत."

बाबांच्या हातून काहीच बिघडलं नव्हतं. चूक माझी होती. मी नुसता आकडा ऐकला आणि उत्तर देऊन मोकळा झालो. त्या आकड्याबरोबर चार प्रश्न विचारायला हवे होते. ते प्रश्न कोणते, हे कळण्यासाठी आधी ही उष्णता येते कुठून आणि जाते कुठे, ते पाहू.

२. बशीतला चहा आणि समईची वात

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा हिशेबनीस. नखाएवढ्या सिलिकॉनच्या चिपवर ट्रान्झिस्टर नावाचे अब्जावधी सूक्ष्म खटके असतात. प्रत्येक खटका चालू-बंद होताना थोडीशी वीज लागते. प्रोसेसर जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. लॅपटॉपचा प्रोसेसर साधारण १५ ते ४५ वॅट वीज घेतो, तर मोठ्या डेस्कटॉपचा कधी कधी २०० वॅटच्याही वर जातो. पूर्वीचा ६० वॅटचा पिवळा बल्ब आठवत असेल, तर आई-बाबांना विचारा: त्याला हात लावला की काय व्हायचं? मोठ्या डेस्कटॉपमध्ये तर त्याहून जास्त उष्णता नखाएवढ्या जागेत तयार होऊ शकते.

ती बाहेर कशी काढायची? याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आणि देवघरात आहे.

आजोबांना बशीत चहा ओतून पिताना पाहिलंय का? कपातल्या चहाचा थोडाच भाग हवेला लागतो. बशीत तो पसरतो, म्हणून लवकर निवतो. वर फुंकर मारली तर आणखी लवकर. लॅपटॉपच्या आत पातळ पत्र्याच्या पट्ट्यांची एक जाळी असते. ती म्हणजे बशी. तिच्यावर वारा सोडणारा पंखा म्हणजे फुंकर.

आता चिपपासून त्या जाळीपर्यंत उष्णता न्यायची तांब्याच्या चपट्या नळीने. या नळीत अगदी थोडं द्रव असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते. वाफ उष्णता घेऊन थंड टोकाकडे जाते आणि तिथे उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. माठातलं पाणी गार का राहतं? माठातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते, म्हणून. इथेही तेच तत्त्व आहे. मग थंड टोकाचं द्रव परत कसं येतं? नळीच्या आतल्या बाजूला बारीक, सच्छिद्र अस्तर असतं. समईची वात जशी तेल ओढून घेते, तसं ते अस्तर द्रव ओढून आणतं.

राहिली थर्मल पेस्ट. चिप आणि तिच्यावरचा तांब्याचा पत्रा दोन्ही दिसायला गुळगुळीत असतात, पण त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतात आणि त्यांत हवा अडकते. अडकलेली हवा उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही. गोधडीची ऊब याच अडकलेल्या हवेमुळे असते! आपल्याला चिपला गोधडी पांघरायची नाही, म्हणून त्या फटी पेस्टने भरतात.

एक गोष्ट मनात पक्की करा. पंखा गारवा तयार करत नाही. तो फक्त खोलीतली हवा आत घेतो आणि उष्णता घेऊन बाहेर सोडतो. म्हणून पंख्याने थंड होणारी चिप खोलीपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. खोली ३६ अंश असेल, तर चिपची सुरुवातच ३६ च्या वर कुठेतरी होणार.

माहितीची चौकट: मुंबई ते पुणे

उष्णतेचा हा प्रश्न जुनाच आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये काम करू लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि अशी प्रत्येक नळी चालू असताना तापते. पुढे ट्रान्झिस्टर आले, ते लहान लहान होत गेले, पण एका जागी त्यांची गर्दी वाढत गेली. पुण्याच्या 'आयसर' संस्थेतला 'परम ब्रह्म' हा महासंगणक २०१९ पासूनचा. त्यात प्रोसेसरजवळून पाणी खेळवून उष्णता काढून घेतात. यंत्रं बदलली, पण तयार झालेली उष्णता बाहेर न्यावीच लागते, हा नियम बदलला नाही.

३. शंभराची भीती

९२ ऐकलं की आपल्याला पहिल्यांदा पाणी आठवतं. "आठ अंश वाढले की उकळेल!" पण चिप पाण्याची नसते. प्रोसेसर बनवणारी कंपनीच सांगते की आतल्या भागाचं तापमान जास्तीत जास्त किती चालेल. हीच त्याची मर्यादा. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांसाठी ती १०० अंश असते. ए.एम.डी.च्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी ती ९५ आहे, पण त्याच मालिकेतल्या ७८००एक्स३डी साठी ८९. शाळेच्या प्रकल्पात वापरतात तो रास्पबेरी पाय ४ तर ८० लाच वेग कमी करू लागतो आणि त्याची मर्यादा ८५ आहे.

आता सांगा, "८८ अंश सुरक्षित आहे का?" या प्रश्नाला एकच उत्तर देता येईल का? १०० च्या मर्यादेवाल्याला अजून १२ अंशांची मोकळीक आहे. ७८००एक्स३डी उंबरठ्यावर आहे. रास्पबेरी पाय केव्हाच धापा टाकतोय.

मर्यादा गाठली की काय होतं? आजचे प्रोसेसर स्वतःची काळजी स्वतः घेतात. आधी पंखा जोरात फिरतो. तरी भागलं नाही, तर प्रोसेसर वेग कमी करतो, म्हणजे काम कमी आणि उष्णताही कमी. त्यानेही जमलं नाही, तर कॉम्प्युटर स्वतःला बंद करून घेतो.

नेहमी असं नव्हतं. २००१ मध्ये 'टॉम्स हार्डवेअर' या संकेतस्थळाने एक प्रयोग चित्रित केला. चालू कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा उष्णता काढणारा धातूचा ठोकळाच त्यांनी उचलून घेतला. तेव्हाचा पेंटियम ४ मंदावला, पण वाचला. तेव्हाचा ॲथलॉन काही क्षणांत जळाला. त्यानंतरच्या वर्षांत स्वसंरक्षणाची सोय सगळ्याच प्रोसेसरांमध्ये रुळली.

म्हणून "आत्ता जळेल का?" या प्रश्नाचं उत्तर आज बहुतेक वेळा "नाही" असंच येतं. पण सुरक्षित असण्याला दुसरी बाजू आहे. प्रोसेसर मंदावला की चित्र अडकतं, आवाज तुटतो, गृहपाठ जतन करायच्या आत लॅपटॉप बंद पडू शकतो. वर्षानुवर्षं मर्यादेला टेकून चाललेल्या चिपची झीजही जास्त होते. शेजारी असलेल्या बॅटरीला तर प्रोसेसरपेक्षा खूप कमी उष्णता सोसते. "जळत नाही ना, मग चालू दे" असं मी बाबांना म्हणालो, तेव्हा ही दुसरी बाजू मी विसरलो होतो.

४. चार प्रश्न

आकडा दिसला की हे चार प्रश्न क्रमाने विचारा.

पहिला: मर्यादा किती? प्रोसेसरचं पूर्ण नाव शोधा आणि कंपनीच्या माहितीपत्रकात त्याचं कमाल तापमान पाहा. दिसणारा आकडा त्यापासून किती खाली आहे? आमच्या दोन्ही लॅपटॉपची मर्यादा १०० होती. म्हणजे ९२ ला दोघांकडेही ८ अंश शिल्लक होते. इथपर्यंत माझं उत्तर बरोबर होतं, पण मी इथेच थांबलो.

दुसरा: काम काय चालू आहे? डोंगर चढताना धाप लागली तर ठीक. सोफ्यावर बसल्या बसल्या धाप लागली तर डॉक्टर गाठायला हवा. माझा लॅपटॉप ९२ ला जायचा, तेव्हा तो सगळी ताकद लावून मोठा प्रोग्रॅम तयार करत असायचा. बाबांचा लॅपटॉप नुसत्या व्हिडिओ कॉलवर ९२ ला गेला होता.

तिसरा: खोली किती तापली आहे? मे महिन्यात माझ्या खोलीत हीटर लावून १८ अंश होते. बाबांच्या खोलीत ३६. चिपच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा. जे उरतं त्याला आपण 'चढ' म्हणू. खोली एक अंशाने तापली, तर चिपही साधारण एक अंशाने तापते. पंख्याचा वेग बदलतो, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे, पण अंदाज घ्यायला पुरतो.

माझ्याकडच्या नोंदी आणि बाबांच्या वहीतल्या नोंदी शेजारी ठेवल्यावर हे दिसलं:

| काम | लोअर हट (खोली १८) | चढ | सांगली (खोली ३६) | चढ |
|---|---|---|---|---|
| काहीच चालू नाही | ४२ | २४ | ७१ | ३५ |
| व्हिडिओ कॉल | ५८ | ४० | ९२ | ५६ |
| पूर्ण ताकदीचं काम | ९२ | ७४ | नोंद नाही | – |

व्हिडिओ कॉलच्या ओळीकडे नीट बघा. दोन लॅपटॉपमध्ये ३४ अंशांचा फरक आहे. त्यातले १८ अंश सांगलीच्या उन्हाळ्याचे, त्याला इलाज नाही. उरलेले १६ अंश कुठून आले? लॅपटॉप एकच मॉडेल, काम एकच. मग ते १६ अंश म्हणजेच दुखणं.

चौथा: याची नेहमीची सवय काय आहे? काम थांबवल्यावर तापमान किती लवकर उतरतं? माझा लॅपटॉप काम संपल्यावर एक-दोन मिनिटांत पन्नाशीच्या आसपास येतो. बाबांचा पंधरा मिनिटांनंतरही सत्तरच्या खाली येत नव्हता. आणि मागच्या वर्षी याच दिवसांत किती होतं? बाबांच्या वहीत तेही सापडलं: आदल्या मे महिन्यात व्हिडिओ कॉलला ७५. वर्षभरात हळूहळू १७ अंश वाढले होते. उत्तर वहीत लिहिलेलं होतं, मी फक्त विचारलं नव्हतं.

५. थर्मामीटरवर किती विश्वास ठेवायचा?

आपल्या लोअर हटमध्येच, ग्रेसफील्डला, न्यूझीलंडची राष्ट्रीय मापन प्रयोगशाळा आहे. किलो, मीटर, अंश या मापांची देशातली अचूक प्रमाणं तिथे सांभाळली जातात. तापमान मोजण्यासाठी शास्त्रज्ञ निसर्गातल्या न बदलणाऱ्या खुणा वापरतात. उदाहरणार्थ, बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र नांदतात ते तापमान नेमकं ०.०१ अंश सेल्सिअस असतं. थर्मामीटर खरं बोलतो की नाही, ते अशा खुणांशी ताडून पाहतात.

चिपमधला तापमापक इतका काटेकोर नसतो. तो तिथे बसवलाय तो चिपचं रक्षण करायला, म्हणून मर्यादेच्या जवळ तो जास्त भरवशाचा असतो आणि थंड चिपवर काही अंश इकडेतिकडे दाखवू शकतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये तर तो मुळात "मर्यादेच्या किती खाली आहोत" हेच मोजतो आणि प्रोग्रॅम त्यावरून अंश काढतो. म्हणून ४१ की ४३ यावर वाद घालू नका. क्षणभर उडी मारून खाली आलेल्या आकड्यानेही दचकू नका. दहा मिनिटांत तो कुठे स्थिरावतो, ते पाहा.

विंडोजवर 'एचडब्ल्यूइन्फो' हा प्रोग्रॅम आत्ताचं, सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि सरासरी तापमान दाखवतो. प्रोसेसरला गरम झाल्यामुळे वेग कमी करावा लागला का, तेही तो "हो" किंवा "नाही" असं सांगतो. मला विचाराल तर, नुसत्या अंशांपेक्षा तो "हो-नाही" जास्त कामाचा आहे.

६. आत काय सापडलं?

पुढच्या रविवारी मी बाबांना फोन केला आणि आधी माफी मागितली. म्हटलं, "बाबा, तुम्ही बरोबर प्रश्न विचारला होता. मी अर्धवट उत्तर दिलं." मग विचारलं, "लॅपटॉप कुठे ठेवता?"

"कुठे म्हणजे? पलंगावर, वाकळेवर. टेबलावर ठेवला की पाठ दुखते माझी."

सांगली-कोल्हापूरकडे गोधडीला वाकळ म्हणतात. लॅपटॉप हवा आत घेतो तो बहुतेक वेळा खालच्या बाजूने. मऊ वाकळेत तो रुतायचा, हवेची वाट बंद व्हायची, आणि वर्षभर वाकळेचे तंतू आणि उन्हाळ्याची धूळ आत ओढली जायची. बाबा लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. पंखा आणि पत्र्यांची जाळी यांच्यामध्ये धूळ-तंतूंचा जाड थर बसला होता. चहाची बशी पूर्ण झाकलेली! दुकानदाराने ती साफ केली आणि नवी पेस्ट लावली.

त्या रविवारी खोलीत ३६ च अंश होते. वीस मिनिटं कॉल चालला आणि आकडा ७६ वर थांबला. चढ ४०, म्हणजे अगदी माझ्या लॅपटॉपइतका. बाबांनी वहीत तो आकडा लिहिला आणि वही कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. पण माझ्या मुलीला वही नको होती. ती म्हणाली, "आजोबा, वही खाली घ्या ना, तुम्ही दिसत नाही!"

आता लॅपटॉपखाली लाकडी पाट असतो. आणि कोणी मला नुसता आकडा सांगितला, की मी आधी चार प्रश्न विचारतो.

७. तुमच्या घरी काय कराल?

- लोअर हटच्या हिवाळ्यात अंथरुणात बसून लॅपटॉप वापरायचा मोह होतो. वापरा, पण खाली पाट, ट्रे किंवा मोठं जाड पुस्तक ठेवा. दुलईवर किंवा चालू इलेक्ट्रिक ब्लँकेटवर लॅपटॉप नको.
- हवा आत जाण्याच्या आणि बाहेर येण्याच्या फटी शोधा. त्या मोकळ्या ठेवा.
- धूळ साफ करायची तर मोठ्या माणसाला सोबत घ्या. लॅपटॉप पूर्ण बंद करा. हवेचा फवारा मारताना पंखा काडीने हलकेच धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होऊ शकतो.
- लॅपटॉप फुगलेला दिसला, झाकण नीट बसेना किंवा खालची बाजू वर आली, तर तापमान बघत बसू नका. ती बॅटरी असू शकते. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि लगेच मोठ्यांना सांगा.

शब्दार्थ

- हिशेबनीस: हिशेब ठेवणारा, आकडेमोड करणारा
- खटका: दिवा चालू-बंद करायचं बटण
- निवणे: गरम वस्तू हळूहळू थंड होणे
- सच्छिद्र: बारीक भोकं असलेलं
- निर्वात: आत हवा नसलेलं
- ढोबळ: अंदाजे, साधारण
- काटेकोर: अगदी अचूक
- ताडून पाहणे: खरं-खोटं ठरवण्यासाठी तुलना करणे
- वाकळ: जुन्या कपड्यांची हाताने शिवलेली गोधडी
- पाट: बसायची बुटकी लाकडी फळी
- खर्चात पाडणे: एखाद्याला खर्च करायला लावणे

स्वाध्याय

अ) एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.

१. बशीतला चहा लवकर का निवतो?
२. पंख्याने थंड होणारी चिप खोलीपेक्षा गार का होऊ शकत नाही?
३. लेखकाचं पहिलं उत्तर कुठपर्यंत बरोबर होतं आणि कुठे चुकलं?
४. बाबांनी तीन रविवार खरं कारण का सांगितलं नसेल? तुम्हाला काय वाटतं?

आ) चार प्रश्न वापरून निर्णय द्या: ठीक आहे, लक्ष ठेवा, की दुरुस्ती हवी?

१. नागपूर, मे महिना. खोली ४०. व्हिडिओ कॉलला ८१. मर्यादा १००.
२. पेटोनी, जुलै महिना. खोली १४. काहीच चालू नाही, तरी ६८. मर्यादा १००.
३. रायझन ७००० मालिकेतला डेस्कटॉप, मर्यादा ९५. व्हिडिओ तयार करताना सलग ९५, काम संपताच पन्नाशीत.
४. नाएनाएतल्या मुलाचा रास्पबेरी पाय ४, बंद डब्यात. ८३.

इ) घरच्या कॉम्प्युटरच्या सात दिवस नोंदी ठेवा: तारीख, खोलीचं तापमान, काम, चिपचं तापमान, चढ. वही जपून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा सात दिवस नोंदी घ्या आणि तुलना करा.

ई) भारतातल्या आजी-आजोबांना फोन करून त्यांच्याकडे आज किती तापमान आहे ते मराठीत विचारा. लॅपटॉप किंवा फोन गरम होतो का, तेही विचारा. त्यांनी काय सांगितलं, ते पाच वाक्यांत लिहा.

'आ' ची उत्तरे (आधी स्वतः सोडवा!)

१. चढ ४१. आकडा मोठा वाटतो, पण बराचसा उन्हाळ्याचा आहे. ठीक आहे.
२. चारही आकड्यांत सर्वांत लहान आकडा हाच, आणि सर्वांत जास्त काळजी याचीच! रिकाम्या लॅपटॉपचा चढ ५४ आहे. आधी मागे गुपचूप काही काम चालू आहे का ते पाहा. नसेल, तर दुरुस्ती हवी.
३. कंपनीच्या म्हणण्यानुसार जड कामात हे प्रोसेसर ९५ पर्यंत जाऊन काम करण्यासाठीच बनवलेले आहेत. काम संपताच तापमान उतरतं. ठीक आहे.
४. वेग कमी होऊ लागला आहे. डबा उघडा किंवा छोटा पंखा लावा आणि लक्ष ठेवा.